मासाभर शिसें

द्रोणाचार्यांनीं झाडावरील पक्ष्याकडे बोट दाखविलें आणि अर्जुनास त्या पक्ष्याचा केवळ डोळा दिसला, ही कथा आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत सांगितली. अर्जुनाची एकाग्रता, गुरूंची परीक्षा, इतर राजपुत्रांची फजिती, सर्व कांहीं सांगितलें. परंतु त्या दिवशीं अर्जुनाच्या भात्यांत जे बाण होते ते कोणीं निवडले होते, हा प्रश्न ना कोणा विद्यार्थ्यानें विचारला, ना आम्हांस सुचला. तो सुचावयास सदुसष्टावें वर्ष उजाडावें लागलें, आणि तेंही अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या तळघरांत.

आमचा मुलगा तेथें नोकरीस आहे. गेल्या वर्षीं चैत्रांत आम्ही उभयतां सहा महिन्यांसाठीं त्याच्याकडे गेलों. सकाळीं मुलगा-सून कामावर आणि नातू शाळेंत गेला, म्हणजे घरांत आम्ही दोघें. देवपूजा आणि वाचन आटोपलें कीं दिवस खावयास उठे. शेजारच्या घराच्या ओसरीवर एक एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ बसलेले असत. पुढ्यांत एक ताट, हातांत भिंग, आणि ताटांत करड्या रंगाच्या कसल्याशा गोट्या. तांदूळ निवडीत बसलेल्या बाईप्रमाणें ते एकेक गोटी उचलीत, फिरवून पाहत, आणि उजवीकडे किंवा डावीकडे टाकीत. एके दिवशीं आम्हीं कुंपणापाशीं उभें राहून आपल्या तर्खडकरी इंग्रजींत विचारलें, "आपण काय निवडीत आहां?" ते हंसून म्हणाले, "गोळ्या. पिस्तुलाच्या."

आम्ही दोन पावलें मागें सरलों, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें ओळख वाढली. नातू त्यांस 'शिसेवाले आजोबा' म्हणे; येथेंही आम्ही त्यांस आजोबाच म्हणूं. ते एका वर्तमानपत्राच्या छापखान्यांत लायनोटाइप यंत्रावर जुळारी होते. त्या यंत्रावर एकेक खिळा न जुळवितां वितळलेल्या धातूची सबंध ओळ एकदम ओतली जात असे. छापण्याची तऱ्हा बदलली, यंत्रें भंगारांत गेलीं, तेव्हां त्यांनीं त्या धातूच्या कांहीं लगडी विकत घेऊन ठेविल्या. शंभर भागांत चौऱ्याऐंशी भाग शिसें, बारा भाग अँटिमनी आणि चार भाग कथील, असें तें मिश्रण. ज्या धातूंतून त्यांनीं आयुष्यभर बातम्या ओतल्या तिच्यांतूनच आतां ते गोळ्या ओतीत. निर्णयसागरी छापील पोथ्यांवर आमचें शिक्षण झालेलें. तेव्हां खिळ्यांची भाषा निघाली आणि आमचें मागें सरलेलें पाऊल पुन्हां पुढें पडलें.

घरीं मात्र या मैत्रीचें स्वागत झालें नाहीं. कुटुंब म्हणाली, "अहो, आयुष्यभर संध्येची पळी धरलेला हात आतां काडतुसांत घालणार का?" सुनेचें भय याहून खरें होतें. आमच्या आठ वर्षांच्या नातवाच्या शाळेंत दिवे मालवून, दार लावून, भिंतीशीं अंग चोरून निमूट बसण्याची तालीम मुलांकडून करवून घेतात. कोणी बंदूक घेऊन शाळेंत शिरला तर काय करावें, त्याची ती तालीम. नातवानें जेवतांना तें सहज सांगितलें आणि आमचा घास हातांतच राहिला. सून म्हणाली, "नाना, तुम्ही जाऊं नका असें मी म्हणत नाहीं. पण याला तिकडे नेऊं नका. आणि आल्यावर हात धुऊन, कपडे बदलूनच घरांत या. लहान मुलाच्या रक्तांत शिसें थोडेंही गेलेलें चालत नाहीं." तिचें म्हणणें अक्षरशः बरोबर होतें. मुलांच्या बाबतींत शिशाची निर्धोक अशी मात्रा वैद्यकास आढळलेली नाहीं. आणि शिशाची धूळ हाताबरोबर, कपड्याबरोबर घरांत येते. अशा रीतीनें देशीं जें सोवळें आमचें सुटत चाललें होतें, तें परदेशांत शिशानें आम्हांस पुन्हां पाळावयास लावलें!

आजोबांस आम्हीं सुनेचें भय आडपडदा न ठेवतां सांगितलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं लोखंडी कपाट दाखविलें. पिस्तूल त्यांत कुलपांत असे. ते म्हणाले, "तिच्या जागीं मी असतों तर मीही हेंच म्हटलें असतें. मी साठ वर्षें कागदावर भोंकें पाडलीं आहेत, दुसऱ्या कशावर नाहीं. पण हें शिसें आहे, चिकणमाती नव्हे, हें मी विसरत नाहीं." आपला छंद निरुपद्रवी आहे अशी वकिली त्यांनीं केली नाहीं, म्हणूनच आम्ही तेथें जात राहिलों.

आतां या निवडीचा विषय थोडा उलगडून सांगितला पाहिजे. काडतुसाचीं अंगें चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडांतील ठिणगी देणारी टोपी, आंतील दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. बार उडाला कीं टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते. ती पुन्हां मापांत दाबून, नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी घालून अनेक वेळां वापरतां येते. अमेरिकेंतील पुष्कळ नेमबाज आपलीं काडतुसें अशीं घरीं भरतात; कांहीं काटकसरीसाठीं, कांहीं अचूकपणासाठीं. आजोबा ज्या जुन्या पद्धतीच्या सामन्यांत भाग घेत त्यांत पिस्तूल एकाच हातानें धरावें लागतें. ५० यार्डांवर दहा मिनिटांत दहा बार. पुढें २५ यार्डांवर वीस सेकंदांत पांच, आणि शेवटीं दहा सेकंदांत पांच.

गोळी म्हटली कीं ती टोंकदार किंवा वाटोळ्या डोक्याची असावयाची, अशी आमची समजूत. आजोबांची गोळी पुढून चपटी, आणि डोक्याखालीं धारदार खांदा असलेली. वाटोळ्या डोक्याची गोळी कागद फाडीत जाते आणि भोंकाची कड चिंध्या होते. चपट्या गोळीच्या खांद्यानें कागद पंचानें पाडल्यासारखा स्वच्छ कापला जातो. लक्ष्यावरील वर्तुळाच्या रेघेस भोंक नुसतें स्पर्शलें तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीच्या आकारावर गुण वाढतो असें नव्हे. मिळालेला गुण परीक्षकास स्पष्ट दिसतो. सुवाच्य अक्षराचें महत्त्व आम्ही मुलांस याच शब्दांत सांगत असूं.

दुसरी निवड कठिणपणाची. आम्हांस वाटलें, धातु जितकी कठिण तितकी गोळी उत्तम. आजोबांनीं मान हालविली. नळीच्या आंत मळसूत्री खाचा असतात. गोळीनें त्यांत घट्ट बसून फिरत बाहेर पडावयाचें असतें. त्यांच्या पिस्तुलाच्या खाचांचा व्यास ०.४५१ इंच, म्हणून ओतीव गोळी ०.४५२ इंचांची, इंचाचा एक हजारावा भाग अधिक. ती लहान पडली तर तप्त वायु कडेनें निसटतो, गोळीचें अंग वितळवितो आणि नळींत शिसें माखतें. पण धातु फाजील कठिण असली तरीही तेंच घडतें. सौम्य दारूच्या दाबानें गोळीचें बूड फुगत नाहीं, फट भरत नाहीं, आणि वायु निसटतो. म्हणून छापखान्याच्या धातूंत ते मऊ शिसें मिसळीत. तांब्याचें कवच असलेल्या महागड्या गोळ्याही त्यांनीं आणून पाहिल्या होत्या. पिस्तूल शिकंजांत घट्ट धरून, प्रत्येक जातीच्या दहा दहा गोळ्या झाडून, भोंकांचा घोळका कोणाचा लहान येतो तें मोजलें होतें. "शेवटीं गोळी मी निवडीत नाहीं," ते म्हणाले, "ही नळी निवडते. शेजाऱ्याच्या नळीस जी आवडते ती हिला आवडेलच असें नाहीं."

तिसरी निवड बुडाची. गोळीच्या नाकावर थोडा ओरखडा असला तर ते तिकडे फारसें लक्ष देत नसत. बुडाच्या कडेस सुईच्या टोंकाएवढा खळगा दिसला कीं गोळी बाद. नळींतून बाहेर पडतांना गोळी सर्वांत शेवटीं बुडानें सुटते. त्या क्षणीं कडेच्या खळग्यांतून वायु एका बाजूनें आधीं निसटला तर गोळी कलते. फ्रँकलिन मॅन नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें अनेक वर्षें असे प्रयोग करून १९०९ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुद्दाम बूड बिघडविलेल्या गोळ्या नाक बिघडविलेल्या गोळ्यांपेक्षां कितीतरी अधिक भरकटतात, हें त्यानें दाखवून दिलें. सोयरीक जुळवितांना नाक-डोळे पाहणाऱ्या मंडळींनीं हें ध्यानांत घ्यावें, असें कुटुंबाचें मत पडलें.

चौथी निवड वजनाची, आणि आमच्या फजितीचें मूळ हेंच. तेथें गोळी 'ग्रेन'मध्यें तोलतात. ७००० ग्रेनांचा एक पौंड. हें माप परकें वाटेल, पण तें आपल्या सोनाराच्या दुकानांतून गेलेलें आहे. इंग्रज सरकारनें १८३३ सालीं तोळा कायम केला तो १८० ग्रेनांचा. तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित अधिक. आजोबांकडे दोन साचे होते. १८५ ग्रेनांची गोळी जवळच्या लक्ष्यासाठीं, कारण हलक्या गोळीचा मनगटास हिसका कमी बसतो. २०० ग्रेनांची दूरच्या लक्ष्यासाठीं. दोहोंतील अंतर पंधरा ग्रेन, म्हणजे आपल्या हिशेबानें बरोबर एक मासा. हा हिशेब आम्हीं कागदावर मांडून दाखविला तेव्हां म्हाताऱ्यास लहान मुलासारखा आनंद झाला.

त्यांच्या डोळ्यांपुढें धूसर येऊं लागलें होतें. उन्हाळ्यांतील राष्ट्रीय सामना तोंडावर आलेला. ईरी सरोवराच्या कांठीं कँप पेरी येथें १९०७ पासून हे सामने भरत आले आहेत, आणि ते बहुधा शेवटचे म्हणून तेथें जाणार होते. त्यांनीं संकोचानें विचारलें, "टीचर, बुडें पाहावयास तुमचे डोळे उसने द्याल का?" आम्हीं होकार दिला. त्यांनीं पद्धत शिकविली. एक प्रमाण गोळी विजेच्या काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावयाचा. मग प्रत्येक गोळी किती अधिक-उणी तेवढेंच तो दाखवितो. एका ग्रेनाहून, म्हणजे सुमारें अर्ध्या गुंजेहून अधिक फरक दिसला कीं गोळी बाजूस. उणी गोळी म्हणजे बहुधा पोटांत पोकळी राहिलेली. बाद गोळ्या फेंकावयाच्या नाहींत. त्या पुन्हां मुशींत जावयाच्या.

एके दिवशीं आम्हीं विचारलें, "इतकी निवड करून आपला नेम किती सुधारतो?" ते म्हणाले, "पिस्तूल शिकंजांत असलें तर ५० यार्डांवर दहा गोळ्या तीन इंचांत जातात. माझ्या हातांत आलें कीं त्याच आठ-नऊ इंच फांकतात. दहा गुणांचें वर्तुळ सव्वातीन इंचांहून थोडें मोठें. आतां तुम्हीच सांगा."

"मग हा खटाटोप कशासाठीं?"

"नेम चुकला म्हणजे चूक कोणाची, हें मला कळावें म्हणून. गोळी वाईट होती असें मला म्हणतां येऊं नये."

आम्हीं मान डोलाविली आणि पुढची गोळी उचलली. या वाक्यानें आम्हांस काय करावयाचें होतें तें त्या क्षणीं कळलें नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं प्रसंग ओढवला. दुपारीं आम्हीं १८५ च्या गोळ्या संपविल्या, काटा नव्यानें शून्यावर आणला आणि २०० च्या घेतल्या. गोष्टी चालल्या होत्या; निर्णयसागराच्या देवनागरी खिळ्यांविषयीं आम्ही रंगांत येऊन बोलत होतों. सायंकाळीं निवडलेल्या गोळ्या डब्यांत ओतल्या आणि घरीं आलों. रात्रीं दोनच्या सुमारास जाग आली आणि डोळ्यांपुढें तें ताट उभें राहिलें. शेवटचें ताट आम्हीं कोणत्या डब्यांत ओतलें? ज्याचें झांकण उघडें होतें त्यांत. आणि उघडा डबा १८५ चा होता.

दारूचें माप गोळीच्या वजनाप्रमाणें ठरतें. हलक्या गोळीच्या मापावर जड गोळी बसविली तर नळींत दाब वाढतो. आणि काडतूस भरून झाल्यावर आंत कोणती गोळी आहे तें बाहेरून दिसत नाहीं. दोहोंची लांबी यंत्रानें सारखीच दाबलेली. आजोबा रात्रीं जेवणानंतर काडतुसें भरीत. आम्ही अंथरुणावर बसून राहिलों. मन म्हणे, एका माशानें काय होतें? मन म्हणे, कदाचित् योग्य डब्यांतच ओतलें असेल. सकाळीं जाऊन सांगितलें तर परदेशांत एका वृद्ध जुळाऱ्यापुढें मास्तराची शोभा होईल.

हें बोलणें आमच्या ओळखीचें होतें. १९९६ सालीं नववीच्या वार्षिक परीक्षेंत एका मुलाच्या संस्कृतच्या पेपरांत आमची बेरीज चुकली. शेवटच्या पानावरील नऊ गुण मिळवावयाचे राहिले. चाळीसांच्या जागीं एकतीस पडले आणि तेवढ्यावरून त्याचें वर्ष गेलें. निकालानंतर आठ दिवसांनीं गठ्ठा बांधतांना तें आमच्या लक्षांत आलें. त्या वेळींही मन हेंच म्हणालें: मुलगा मुळांतच कच्चा, निकाल लागून गेला, आतां वरिष्ठांपुढें शोभा कशाला? आम्हीं गठ्ठा बांधला. त्याच्या वडिलांनीं त्याला शाळेंतून काढून कामास लावलें. गोळी वाईट होती, असें आम्हीं तेव्हां म्हटलें आणि त्याच समाधानावर पुढचीं सर्व वर्षें काढलीं.

सकाळीं सहा वाजतां आम्हीं शेजारचें दार ठोठावलें. सर्व सांगितलें. आजोबांनीं चष्मा काढून टेबलावर ठेविला. रात्रीं त्यांनीं शंभर काडतुसें भरलीं होतीं.

"किती गोळ्या मिसळल्या असतील?"

"सांगतां येत नाहीं."

"मग सगळीं."

आम्हीं भीत भीत विचारलें, एकेक काडतूस तोलून जड तेवढींच वेगळीं काढतां येणार नाहींत का? ते म्हणाले, "पुंगळ्या निरनिराळ्या कारखान्यांच्या, त्यांतही दोन-चार ग्रेनांचा फरक असतो. बहुधा ओळखूं येतील. कदाचित् झाडलीं तरी बहुधा कांहीं होणार नाहीं. पण 'बहुधा' हा शब्द या टेबलावर चालत नाहीं." एक पोकळ डोक्याची हातोडी असते, तींत काडतूस अडकवून लांकडावर आपटलें म्हणजे गोळी सुटून बाहेर येते. शंभर काडतुसें आम्ही दोघांनीं तशीं सोडविलीं. दुपार झाली. जड गोळ्या निघाल्या अकरा. प्रत्येक जड गोळी निघे तेव्हां ते ती शांतपणें तोलून दुसऱ्या डब्यांत टाकीत, आणि आमची मान खालीं जाई.

काम संपल्यावर आम्ही क्षमा मागूं लागलों तर ते म्हणाले, "एका वेळीं टेबलावर एकच डबा उघडा ठेवावयाचा, हा पहिला नियम. तो मी मोडला, गप्पांच्या नादांत. छापखान्यांत शिकाऊ असतांना चुकीच्या घरांत खिळे टाकल्याबद्दल मी पुष्कळ बोलणीं खाल्लीं आहेत." त्यांनीं रंगाचा डबा आणून एका झांकणावर लाल पट्टा ओढला, दुसऱ्यावर निळा, आणि आम्हांस कॉफी करून दिली.

सामन्याच्या दिवशीं मुलानें आम्हांस कँप पेरीस नेलें. सरोवरावरून वारा सुटला होता. कानांत बोळे घालून आम्ही मागें बसलों. एका रांगेंत उभे असलेले स्त्री-पुरुष, प्रत्येकाचा एकच हात पुढें, दुसरा खिशांत किंवा कमरेपाशीं. आजोबांचा हात दुरूनही कांपतांना दिसत होता. ५० यार्डांवरील लक्ष्य तपासून ते परत आले तेव्हां आम्हीं विचारलें, कसें काय? त्यांनीं बोटानें दाखविलें: बरीच भोंकें आठ-नऊच्या वर्तुळांत, दोन दहांत, आणि एक पार खालीं पांचांत. भोंकाची कड कापून काढल्यासारखी स्वच्छ होती. त्या पांचावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा मी." तक्रारीचा सूर नव्हता. यादींत त्यांचा क्रमांक पुष्कळ खालीं लागला आणि परतीच्या वाटेवर ते गाडींत झोंपी गेले.

सुनेच्या भयाचें उत्तर आमच्यापाशीं तेव्हां नव्हतें, आजही नाहीं. नातवाची ती तालीम चालूच आहे. आणि तळघरांतील म्हाताऱ्याची सचोटी तिच्यावरचा उपाय नव्हे. आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत हात धुऊन, कपडे बदलूनच घरांत जात होतों.

दसऱ्यापूर्वीं आम्ही परत आलों. दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करून त्या मुलाचा पत्ता मिळविला. मुलगा कसला, आतां चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ. तालुक्याच्या गांवीं पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याला आम्हीं पत्र लिहिलें. नऊ गुण कोठें राहिले, तें आम्हांस केव्हां कळलें आणि आम्ही गप्प कां बसलों, एवढेंच त्यांत लिहिलें. आशीर्वाद लिहावयाचा नेहमींचा प्रघात या पत्रापुरता सोडला. पत्र पोंचल्याची पावती टपालांतून आली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.